‘जरा शुद्ध करून टाका’

“तुमच्याकडे ‘ळ’ नसतोच का हो, मॅडम?”

सचिवांनी सगळ्यांसमोर विचारलं. इंदूरला तुकोगंजमध्ये एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आमच्या मराठी मंडळाची बैठक चालू होती. भिंतीवरच्या टीव्हीवर, सचिवांच्या कॉम्प्युटरवरून, मी टाइप केलेला वार्षिक अंक उघडला होता. शाळा, बाळ, सगळे. जिथे ळ, तिथे रिकामी चौकट.

“महूची मराठी आहे भिया,” ते शेजारच्याला म्हणाले. “आनी, पानी. ळ कहाँ से आएगा?”

लोक हसले. मीही हसले. ते हसू अजून सलतं.

आम्ही महूचे बौद्ध. आजोबा फौजेत, वडील फौजेत. सचिवांचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. हे ते दर बैठकीत सांगतात.

मी घरी टायपिंगची कामं करते. कॉम्प्युटर जुना आहे, चालता चालता अडकतो. पण माझ्या स्क्रीनवर प्रत्येक ळ जागेवर होता. सचिवांच्या कॉम्प्युटरवर माझा मराठी फॉन्ट नव्हता, हिंदीचा होता. हिंदीच्या त्या फॉन्टमध्ये ळ नाही. एवढीच गोष्ट. मी फोनवर सांगितलं. “ते टेक्निकल तुम्ही बघा,” ते म्हणाले.

बघितलं. जुनं सॉफ्टवेअर सोडलं. दुसरं एक दर वर्षी पैसे मागत होतं, ते नको म्हटलं. फुकटातलं एक उतरवलं. त्यात मराठी युनिकोडमध्ये टाइप होते, कुठेही उघडा, अक्षर तेच राहतं. पण जुनी फाईल त्यात नेताना जोडाक्षरं फुटली. अख्खा अंक पुन्हा टाइप केला. मध्ये कॉम्प्युटर बंद पडला, काही पानं गेली, तीही पुन्हा केली.

फाईल पाठवली. सचिवांचा फोन आला.

“वा, एकदम झकास. कोणाकडून करून घेतलं?”

“मीच केलं.”

“अच्छा.” मग म्हणाले, “तुमच्या वडिलांचा लेख तेवढा जरा शुद्ध करून टाका. आपल्या अंकाचं एक स्टँडर्ड आहे.”

बाबांचा हात थरथरतो. ते बोलले, मी टाइप केलं. त्यांच्या शाळेच्या आठवणी. रोज विचारतात, “कवा छापतेत?”

म्हणून बसले शुद्ध करायला. बाबांचं वाक्य होतं : “मास्तर आमाला पानी वरून वतायचा. ओंजळ भरायच्या आत हात आखडायचा.” सॉफ्टवेअरने खाली लाल रेघा मारल्या होत्या. मी लिहिलं : “आम्हाला पाणी वरून दिले जात असे.”

लाल रेघा गेल्या. मास्तरही गेला.

मी वाक्य पुन्हा वाचलं. पाणी होतं, तहान होती, देणारा कोणीच नव्हता. शुद्ध म्हणजे हे. बैठकीत मी हसले तेव्हाही हेच केलं होतं. मला हसलेल्या माणसांना मोकळं सोडलं होतं.

बदल मागे घेतला. बाबांचे शब्द सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात घातले. वतायचा. आखडायचा. आमाला. मग सचिवांना फोन लावला.

“लेख आहे तसाच जाईल.”

“अरे, तुम्ही तर बुरा मान गए. तुमच्या भल्यासाठीच सांगतो. लोक हसतील.”

“हसू दे.”

“मग अंकात जागा नाही, मॅडम.”

“मग टायपिस्ट दुसरी बघा.”

फोन ठेवला. बाबांना सरळ सांगितलं, तिथे छापणार नाहीत. आणि लेख पुन्हा स्क्रीनवर उघडला.

“मंग आता कशाला ते यंत्र लावून बसलीस?”

“मास्तरचं नाव काय होतं?”

“त्याचा पोरगा हाय अजून इंदूरात. मोठा मानूस हाय.”

“असू दे. नाव सांगा.”

बाबांनी नाव सांगितलं. मी ते आडनावासकट टाइप केलं. आता हा लेख छापून मीच आणणार. त्यातून ते नाव कोणालाही काढू देणार नाही.