गोवळकोंड्याच्या भिंतीतली एक दरज

हैदराबादला मी किल्ला बघायला गेलो नव्हतो, गुडघे दाखवायला गेलो होतो. माझी लेक पाथरीला शाळेत मास्तरीण आहे. तिनं रजा टाकली, तिकिटं काढली आणि मला सांगितलं ते रेल्वेत बसल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी घरातून हललो नसतो, हे तिला पक्कं माहीत.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं एक्स-रे उजेडापुढं धरला. म्हणाला, दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील. बदलले की कोसभर चालाल. पण उकिडवं बसायचं न्हाई, मांडी घालायची न्हाई. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, कायमचंच.

मी म्हणलो, मग राहू द्या.

मी गवंडी आहे. चौथीतून शाळा सुटली आणि बापाच्या हाताखाली थापी धरली ती आजवर सोडली न्हाई. विहिरी बांधल्या, घरं बांधली, देवळाच्या पायऱ्या बांधल्या. भिंतीचा पहिला थर जमिनीला टेकलेला असतो. तो नीट लावायचा तर गवंड्याला त्याच्याजवळ उकिडवं बसावं लागतं. उभा राहून बोट दाखवतो तो मुकादम. मला मुकादम म्हणून मरायचं न्हाई.

दवाखान्याबाहेर आल्यावर लेकीनं रिक्षा थांबवली. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. तिनं रिक्षावाल्याला चौमहल्ल्याला घे म्हणून सांगितलं.

"तिथं काय हाय?" मी विचारलं.

"महाल हाय. तुमच्यासंगं भांडून माझं डोकं दुखायलंय आबा. जरा भिंतींकडं बघते, त्या तरी उलटून बोलत न्हाईत."

आमच्या भागात जुनी माणसं हैदराबादचं नाव निराळ्याच आवाजात घ्यायची. हुकूम तिथून यायचा, माणूस तिथं जाऊन गडप व्हायचा. लहानपणापासून ऐकलं, पण पाय कधी लागले नव्हते. महालाच्या मोठ्या दालनापाशी आलो आणि मी चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या. लोक बूट घालून खुशाल आत चालले होते. पहारेकरी म्हणाला, "चप्पल पहनके जाओ बाबा, ये मंदिर नइ है."

"दरबार है ना?" मी म्हणलो. "दरबार में चप्पल पहनके कौन जाता?"

तो हसला. लेक म्हणाली, "चला आबा, राजा गेला त्याला लय दिवस झाले." पण मी अनवाणीच गेलो आणि बरं झालं. ती संगमरवरी फरशी पायाला लागली. भर दुपारी रांजणाच्या पाण्यासारखी गार, आणि एका फरशीवरून दुसरीवर पाय गेला तरी तळव्याला जोड लागेना. डोळे मिटून चालून बघितलं. न्हाईच लागला.

वर झुंबरं टांगलेली होती. लोक माना वर करून झुंबरांचे फोटो काढत होते. मी ते झुंबर ज्याला टांगलंय ते छत बघत होतो. सगळी वेलबुट्टी चुन्यातली. पान न् पान, कळी न् कळी. कुणीतरी परांची बांधून, उताणं पडून, तोंडावर चुन्याचे थेंब झेलत ते केलेलं असणार. एवढा चुना ओला असताना हात किती चपळ लागतो ते मला विचारा. सुकला की संपलं, आणि लवकर हात लावला की गळतो.

मला एक खोड आहे. कुणाच्याही घरी गेलो की मी भिंतीला गाल लावतो आणि एका डोळ्यानं लांबवर बघतो. फुगवटा सापडतोच. लेकीच्या सासरी सोयरीक ठरवायला गेलो होतो तेव्हासुद्धा सापडला आणि मी तो बोलून दाखवला. ते अजून निघतं. इथंही गाल लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत निवळ पाण्यासारखी पसरली होती. दुसरा डोळा लावून बघितला. तेच.

"हात नको लगाओ बाबा," पहारेकरी आला.

"हात नइ लगाया. गाल लगाया."

लेकीनं मला दंडाला धरून पुढं नेलं. म्हणाली, "काय सापडलं का?" मी न्हाई म्हणलो. ती थांबून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडून तिनं हे पहिल्यांदा ऐकलं असावं.

परत येताना रिक्षात तिनं ऑपरेशनचा विषय काढला. मी म्हणलो, "माय, इथं गोवळकोंडा किल्ला हाय न्हवं? उद्या तो माझ्या पायांनी चढतो. वरपर्यंत गेलो तर ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाई."

"आणि न्हाई चढलात तर?"

"तर तू म्हणशील तसं."

ती म्हणाली, "ठरलं." फार लवकर म्हणाली. माझ्या पायांवर तिचा किती भरवसा आहे ते मला कळलं.

सकाळी किल्ल्याच्या दारात पोचलो. घुमटाखाली उभं राहून एक वाटाड्या टाळी वाजवत होता. सांगत होता की ही टाळी पार डोंगराच्या माथ्यावर ऐकू जाते. माथा मी बघितला. मान मागं टाकावी लागली. मनात म्हणलं, थापा मारायलाय.

मग चढायला लागलो. डोक्यावर पाटी घेऊन परांची चढलेल्या माणसाला चढायची एक रीत माहीत असते. पाऊल आडवं टाकायचं, वर बघायचं न्हाई, चार पायऱ्यांना एक थांबा. तरी या पायऱ्या मला फसवत होत्या. एक वीतभर, तर पुढची मांडीएवढी. आधी वाटलं, काम कच्चं आहे. नंतर उमगलं. घाईनं चढून येणाऱ्याचा पाय चुकावा म्हणून त्या तशा केल्यात. पायरी सारखी बांधणं मी जन्मभर शिकलो. मुद्दाम वाकडी बांधण्यातही अक्कल असते हे त्या डोंगरानं शिकवलं.

आमच्याकडचा दगड काळा. इथला तांबूस, खडबडीत, घराएवढाले धोंडे. ते त्यांनी फोडले न्हाईत की हलवले न्हाईत. भिंत त्यांच्यापर्यंत आणली आणि धोंड्याला भिंतीत घेतलं. डोंगर कुठं संपला आणि माणसाचं काम कुठं सुरू झालं ते मी हातानं चाचपत होतो. सांध्यात नख शिरेना. एका जागी भिंतीच्या पोटात खापराचे नळ दिसले. पाणी त्यातून वर चढवायचे म्हणे. पाण्याला वर चढायला लावलं, तर माझे गुडघे कोण मोठे लागून गेलेत, असं म्हणून मी पुढं गेलो.

लेक मागं होती. थांबलो की पाण्याची बाटली पुढं करायची. दोनदा म्हणाली, "बसा जरा." दोन्ही वेळा मी उभा राहूनच पाणी प्यालो.

माथ्यावर पोचलो तेव्हा छातीत भाता चालू होता, गुडघ्यात निखारे. पण पोचलो. खाली सगळं शहर पसरलेलं. आणि तेवढ्यात पायापाशी बोलल्यासारखी टाळी ऐकू आली. कठड्यावरून वाकून बघितलं. त्या दारात माणसं मुंग्यांएवढी होती. मी टोपी काढली. कुणासाठी काढली ते मलाही सांगता येणार न्हाई. ज्यानं हे बांधलं त्याचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तिथंच एका भिंतीच्या बुडाशी डागडुजी चालली होती. माझ्याच वयाचा एक गवंडी, लुंगी नेसलेला, दगडांमधल्या फटीत चुना भरत होता. आम्ही त्या फटीला दरज म्हणतो, तोही दरजच म्हणाला. मी चिमूटभर चुना बोटांवर घेतला. लोण्यासारखा. वास घेतला, गुळाचा आला. माझा बाप असाच गूळ घालून चुना मळायचा.

"गवंडी हो?" त्यानं विचारलं.

"परभनी का."

त्यानं थापी माझ्यापुढं धरली. "आओ उस्ताद. एक दरज भरो."

एवढ्या भिंतीत माझा हात लागणार. मी धोतर सावरलं आणि उकिडवं बसायला गेलो. निम्म्यात गुडघे सुटले. मी कुशीवर पडलो, हात दगडाला खरचटला. लेक धावत आली. "लागलं का आबा?" मी न्हाई म्हणलो. पुन्हा बसायला गेलो. पुन्हा तेच.

मग बसल्या जागी हिशेब लागला. गेली दोन वर्षं खालचे थर माझा कामावरचा जोडीदार लावत होता आणि मी कमरेच्या वरचे. मला वाटायचं, वयाचा मान ठेवतोय बिचारा. त्याला ठाऊक होतं. लेकीलाही ठाऊक असणार. जे राखायला मी ऑपरेशनला नको म्हणत होतो ते कधीच गेलं होतं.

तो गवंडी हसला न्हाई. त्यानं आपली लुंगी बाजूला केली आणि बुडाखालचं पालथं घमेलं दाखवलं. म्हणाला, "मैं कहां बैठतूं? मेरे भी घुटने नइ है अब." दुसरं घमेलं त्यानं पालथं करून माझ्याकडं सरकवलं.

मी त्याच्यावर बसलो. हात दरजेपर्यंत पोचला.

चुना आत दाबत असताना लेकीला म्हणलो, "माय, डॉक्टरला फोन लाव. तारीख माग."

ती म्हणाली, "पण आबा, पैज तर तुमी जिंकलात."

"जिंकलो म्हणूनच मागायलोय. हरून मागितली नसती."

तिनं डोळे पुसले, फोन काढला आणि विचारलं, पुढच्या आठवड्यातली चालेल का. मी म्हणलो, तुला सोयीची घे, पण आता जरा उजेड सोडून उभी राहा, मला दरज दिसत न्हाई.