आल्याच्या केकचा डबा

लहान, घरगुती हॉटेलांचं कोणी कौतुक करू लागलं की मला अजून तो केकचा डबा दिसतो. तेव्हा मी यॉर्कशरमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. तक्रार आली ती डोंगराकडच्या एका आठ खोल्यांच्या हॉटेलातून. तिथे खोल्यांना नंबर नव्हते, झाडांची नावं होती. स्वयंपाक्यानं भाजलेला आल्याचा केक मालकीणबाई पत्र्याच्या डब्यातून स्वतः खोलीत आणून देत. अशा ठिकाणी पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचा विसर पडतो, आणि त्यासाठीच लोक तिथे जातात.

तक्रारदार होत्या लीड्सच्या एका मराठी डॉक्टरांच्या पत्नी. सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या खोलीतल्या ड्रॉवरमधून गेल्या, असा त्यांचा जबाब. तो लिहून होतो न होतो, तोच दुसऱ्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन खबर दिली, की इथला कुक जेलमधून आलेला आहे.

खबर खरी होती. तो मुदतीआधी, अटींवर सुटला होता. चोरीचा संशय पक्का झाला असता तर त्याची रवानगी थेट आत. मालकीणबाईंनी सगळं माहीत असून त्याला कामावर ठेवलं होतं. त्या दारात रडवेल्या होऊन उभ्या होत्या.

जे बोलशील ते पुरावा ठरू शकतं, अशी रीतसर ताकीद देऊन मी त्याला स्वयंपाकघरातच प्रश्न विचारले.

"त्या खोलीत गेला होतास?"

"मी वर जातच नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून." मग त्यानं फळीकडे पाहिलं. "सकाळी डॉक्टरच खाली आले होते. केकचा डबा परत दिला, तोही घरचा खाऊ भरून. असं आजवर कोणी केलं नव्हतं. मी उघडलासुद्धा नाही. रविवारी मुलगी भेटायला येते, तिच्यासाठी ठेवलाय."

मी झाकण काढलं. आत पोह्यांचा चिवडा! माझ्या आईनं शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत पाठवलं नाही. आणि तिचं सोनं बँकेत कमी, डाळीच्या डब्यात जास्त असायचं. मी झाकण लावून वर गेलो आणि डॉक्टरांना जरा बागेत पाठवलं.

"काकू, खरं सांगा. पाटल्या ड्रॉवरमध्ये होत्या?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "अरे, केकच्या टिनमध्ये ठेवल्या होत्या, तळाच्या पेपरखाली. कोणाला डाउट येणार नाही म्हणून. ब्रेकफास्टहून आले तर टिनच गायब! यांना सांगितलं असतं तर सगळा वीकेंड लेक्चर. आणि इतक्या होमली जागेत सेफ मागायची म्हणजे कसंतरीच वाटतं रे."

"टिन काकांनीच परत केलाय. चिवडा भरून."

काकू तशाच जिन्याकडे धावल्या.

सगळ्यांसमोर डबा ताटात उपडा केला. कागदाखाली पाटल्या होत्या. "रिकामा डबा परत कसा करायचा, म्हणून मीच..." डॉक्टर म्हणाले. खबर देणारे पाहुणे मात्र तोवर फिरायला निघून गेले होते.

निवृत्तीनंतर मी स्वतः अशाच हॉटेलांत उतरतो. तिथे माणसं घरच्यासारखं देतात, घरच्यासारखं लपवतात, आणि काही हरवलं की आळही घरच्यासारखाच, सगळ्यात गरीब बिचाऱ्यावर घेतात. काकू मुळात वाईट नव्हत्या. पण त्यांच्या एका लहानशा लाजेपायी एक बाप तुरुंगात गेला असता, याची मला आजही धास्ती वाटते.

त्या दिवशी काकूंनी चिवडा स्वतःच्या हातानं पुन्हा डब्यात भरला. भरण्याआधी तळाचा कागद उचलून कुकला दाखवला, आत काही नाही म्हणून.

"मला नका दाखवू, मॅडम," तो म्हणाला. "मी तुमच्यावर संशय घेतला नव्हता."