जतच्या अंगणातला निकाल

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची गाडी सुटली, तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. मी सवयीनं खिडकीची जागा सोडून अलीकडे बसले होते. खिडकी वैशालीची. कॉलेजची तीन वर्षं आम्ही अशाच फिरलो. कोल्हापूर, पुणे, कुठं कुठं. विधी महाविद्यालयाच्या फलकावर अभिरूप न्यायालयाच्या (लुटुपुटूच्या खटल्याच्या) स्पर्धेची सूचना लागली की ती आधी वाचायची आणि वर्गात येऊन म्हणायची, "रुक्साना, बॅग भर." तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि तिचं लग्न झालं. नवरा सैन्यात, सासर जत तालुक्यात. मी आता पाचव्या, शेवटच्या वर्षाला आहे.

या वेळची सूचना वेगळी होती. मुंबईच्या उच्च न्यायालयात गरिबांचे खटले चालवणारी एक संस्था लहान गावांतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सहा आठवडे कामाला घेणार होती. मुलाखती सांगलीत होत्या. अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे. निघताना त्यांनी हातातला कापूस झटकला आणि एवढंच म्हणाले, "नीट बोल. घाई करू नकोस."

कराड मागे पडलं तसा दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. सांगलीत उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. स्टँडबाहेर भडंग (तिखट, लसणाचे चुरमुरे) घेतलं. मुलाखतीला तीन जण होते. मधल्या बाईंनी विचारलं, "या कामात का यायचंय?" मी बोलू लागले. आम्ही खेड्यांत कायद्याची शिबिरं घेतली, आम्ही पोटगीचे निकाल वाचून काढले, आम्हाला असं वाटतं की... बाईंनी हात वर केला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि माझी मैत्रीण," म्हणाले. "ती बाहेर आहे का?" "नाही. ती जतला असते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तो काय होता, हे आज आठवत नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येणार होता. साताऱ्याची गाडी समोर उभी होती. मी तिच्यात न चढता जतच्या गाडीत चढले आणि घरी फोन करून सांगितलं, वैशालीकडे जातेय.

मिरज सोडल्यावर द्राक्षबागा लागतात. कवठेमहांकाळनंतर हिरवा रंग हळूहळू विरत जातो, माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि मग नुसती काळी-तांबडी जमीन, बाभळी, मेंढ्यांचे कळप. गाडीत मराठीबरोबर कानडी ऐकू येऊ लागली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "यल्लिगी होगबेकु?" (कुठं जायचंय?) मी गावाचं नाव सांगितलं. तिनं लगबगीनं मला पुढच्याच फाट्यावर उतरवलं. गाडी धुरळा उडवत गेली तेव्हा कळलं, आपण एक फाटा आधी उतरलोय. मोबाइलला रेंज नाही. सावलीला एक बाभूळ, तीही वाळलेली.

थोड्या वेळानं पाण्याचा टँकर आला. मी हात केला. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "कुनाकडं जायचं?" मी वैशालीच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं. "मिलिट्रीवाल्यांची वस्ती व्हय? बसा की. पान्याबरूबर तुमीबी पोचता!"

वस्तीवर टँकर शिरला तशा बायका घागरी, बादल्या, ड्रम घेऊन धावल्या. त्यांत कडेवर लेक आणि दुसऱ्या हातात पाइप धरलेली वैशाली होती. मला टँकरमधून उतरताना पाहून ती जागेवरच थांबली. पाइप तसाच जमिनीवर वाहायला लागला. मागून सासूबाई ओरडल्या, "आगं, पानी चाललंय, पानी!" मग मीही ओढणी खोचली. आधी पाणी भरलं, मग गळ्यात पडलो.

तिच्या सासूबाई उंच, शिडशिडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. वैशाली त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी मला हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज) दिलं, मग ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "लय वाळलीयास पोरी. शिकून शिकून असं हुतं काय?" वैशाली खालमानेनं हसली. ती फार कमी बोलत होती. "व्हय आत्याबाई," "न्हाई आत्याबाई," एवढंच. कोल्हापूरच्या अंतिम फेरीत निवृत्त न्यायाधीशांनाच कलम चुकल्याचं सांगणारी ही मुलगी.

दिवस कलला. अंगणात आम्ही तिघी शेंगा फोडत बसलो होतो. मी धीर करून वैशालीच्या शिक्षणाचा विषय काढला. तीन वर्षं पुरी झालेली, आता दोनच राहिलीत, पुन्हा प्रवेश मिळू शकतो. वैशालीनं एकदम मान वर केली.

"असं न्हाई. नीट मांड. तू बाजूनं, मी विरुद्ध. आत्याबाई न्यायाधीश."

"मी आन् न्यायाधीश?" आत्याबाई हसल्या, पण पदर सावरून ताठ बसल्या.

मी उभी राहिले. मार्क सांगितले, जिंकलेल्या स्पर्धा सांगितल्या, शिकलेली सून वस्तीच्या किती कामी येईल ते सांगितलं. बरं बोलले, असं मला वाटलं.

वैशाली उठली. लेक कडेवरच होती. तिनं सासूला नमस्कार केला.

"न्यायमूर्ती महोदय, अर्जदाराला शिकायचा हक्क आहे, हे आम्हाला मान्य. पण हक्क वापरायला हात मोकळे लागतात. अर्जदाराच्या एका हातात हे मूल आहे, दुसऱ्या हातात पाइप. नवरा सीमेवर. सासूबाईंचा गुडघा चढ चढू देत नाही. आणि जिथं पाणी कवा येईल याचा नेम न्हाई, तिथं कॉलेजच्या तारखेला हजर कोण राहणार? माझी विद्वान मैत्रीण म्हणते, दोनच वर्षं. तिला विचारा, ती दोन वर्षं या घरात कोण काढणार?"

आवाज चढला नव्हता. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी खाली बसले.

आत्याबाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "जिकली ही," त्या वैशालीकडे बोट करून म्हणाल्या. वैशाली हसली आणि तशीच हसत हसत रडायला लागली. लेकीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला वाटलं, हिला बोलायलाच येत न्हाई," आत्याबाई जणू स्वतःशीच म्हणाल्या. "इतकं येतंय, तर दोन वर्सं गप का हायस गं?"

आत्याबाई उठून चुलीकडे गेल्या.

सकाळी मला फाट्यावर सोडायला आत्याबाईच आल्या, गुडघा धरत. गाडी दिसल्यावर त्यांनी विचारलं, "सांगलीच्या कालेजात रोज जाऊन येता येतंय का?"

मला हो म्हणायचं होतं. "रोज नाही हो मावशी. अवघड आहे. राहावं लागेल."

"हं," त्या म्हणाल्या. "आन् बाळाला घिऊन?"

गाडी आली. मी चढले.

कवठेमहांकाळच्या अलीकडे रेंज आली आणि मोबाइल वाजला. निवड झाली होती. मी वैशालीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. खिडकीशी माझ्याच वयाची एक मुलगी झोपली होती. तिला उठवून सांगावं, असंसुद्धा क्षणभर वाटलं. मग अब्बांना फोन केला. दुकानातला कापूस पिंजण्याचा आवाज थांबला, एवढं मला ऐकू आलं.

मी साताऱ्यात परतून आठवडा झाल्यावर, रेंजसाठी टेकाडावर चढून वैशालीनं फोन केला. मुंबईचं ऐकून इतकी ओरडली, की खाली मेंढ्या पळाल्या म्हणे. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई रोज विचारतात, परवेश कवा सुरू हुतोय. मीच अजून हो म्हटलेलं नाही. भीती वाटते गं."

मला मुंबईचं तिकीट मिळालंय. नव्या शहराची उत्सुकता आहेच. पण गाडीत अजून मी अलीकडेच बसते. जतच्या अंगणात मी जशी हरले, तशी आणखी एकदा हरायला मी तयार आहे. फक्त त्या वेळी आम्हा दोघींच्या अंगावर काळे कोट असावेत.