शेवटची कडी

कडीवाली बाई रोज सकाळी धक्क्याच्या पायरीवर उभी राहून होडीतलं पाणी डब्याने उपसायची. बघणारे हसायचे. हसोत बापडे! होडी इतकी कुजलेली, की तीत बसून मासे धरायला गेलं असतं तर दया येऊन माशांनीच तिला माघारी आणून सोडलं असतं.

पण होडी मासेमारीसाठी नव्हतीच, कडीसाठी होती. हा धक्का गावाने टेकडीवरून दगड वाहून बांधला. ज्या घराने दगड वाहिले त्याच्यासाठी भिंतीत एक लोखंडी कडी बसवली. तिथे होडी लावायचा हक्क त्या घराचा. बुडक्या होड्यांनी बंदर अडू नये म्हणून पारख ठरली. घरातलं एक माणूस होडीत बसायचं. माणसासकट तरंगली, तर कडी घराची. बुडाली, तर दिवस मावळायच्या आत दुसरी आणायची, नाहीतर कडी गेली. पुढे मोठे ट्रॉलर आले, पोरं शहरात गेली, होड्या तळाशी बसल्या आणि एकेक कडी बंदर कंपनीच्या घशात गेली. उरली ही एक, बाईच्या आजेसासूने डोक्यावर दगड वाहून मिळवलेली.

कंपनीला तिथे सहलीच्या बोटी लावायच्या होत्या. नवऱ्याला समुद्राने नेलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता हात टेकणार. तिने डबा उचलला. मात्र त्या दिवसापासून तिने पाण्यात पाऊल टाकलं नाही. पारखेला लेक बसायची. आता लेक सुताराकडे स्वतःची होडी बांधून घेत होती. ती होडी येईपर्यंत कडी राखायची, बस्स.

आणि नेमकी वादळानंतर होडी दिसेना. दोर सरळ खाली गेला होता. बंदराचे मॅनेजर संध्याकाळी कडी कापणाऱ्या माणसाला घेऊनच आले.

"मावशी, वाईट वाटतं. पण नियम तुमचाच."

"आमचाच," म्हणत बाई मासळीच्या शेडमध्ये गेली. मायलेकींनी मासे धुवायचा लाकडी टब गडगडत आणला, पाण्यात सोडला, कडीला बांधला. लेक उतरायला निघाली, तर बाईने तिचा दंड धरून मागे ओढलं आणि स्वतः आत बसली. टब गर्रकन फिरला. तिने काठ काही सोडला नाही.

"ही काय होडी आहे?" मॅनेजर ओरडले.

"दोर कडीला आहे, माणूस आत आहे, पाणी खाली आहे. आणखी काय हवंय साहेब, शिडं?"

धक्क्यावर खसखस पिकली. मॅनेजरांचा पारा चढला. "ठीक आहे! उठलात की कडी कापतो!"

"उठतंय कोण?"

लेकीला मात्र काठावर आवळलेल्या आईच्या मुठी दिसल्या. "आई, वर ये. मी बसते."

"तू होडी आण. जा!"

"अगं, अजून डांबर फासायचं राहिलंय. गळेल ती."

"गळू दे," बाई म्हणाली. "उपसायला मी आहे."