कोवलमच्या किनाऱ्यावर उघडलेली छत्री

रविवारी सकाळी सहाला पेरुंगुडीहून निघतानाच मी नवऱ्याला बजावलं, "फक्त बघायचं. पाण्यात कुणी उतरायचं नाही." पण आमची दहा वर्षांची ईरा मागच्या सीटवर पोहण्याच्या कपड्यांत बसली होती. म्हणजे बापलेकीचं आधीच ठरलं होतं.

हे तमिळ मुलखातलं कोवलम आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत येतं. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं, ते सर्फिंग शिकायला इथे झुंबड उडते. विश्वास पानिपतात गेला, असं माझे बाबा म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी, त्यातून नागपूरची, समुद्र नकाशात पाहिलेली. उतरल्याबरोबर मी कपडे बदलायच्या खोल्यांच्या कड्या लावून पाहिल्या. लागत होत्या. गोड्या पाण्याचे फवारे चालू, संडास लखलखीत. इतकं सगळं चांगलं म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच. टपरीवरच्या इडलीबरोबरची चटणीही मी आधी हुंगली.

"तुला देवळातला प्रसादसुद्धा तपासून हवा," नवरा म्हणाला.

शिकवणारा सेल्वम जवळच्याच कुप्पमचा (कोळीवाड्याचा). मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, मैं बच्ची के साथ है." ईराच्या जॅकेटचे पट्टे मी दोनदा ओढून पाहिले आणि नाइलाजाने तिला सोडलं. कमरेएवढ्या पाण्यात सेल्वम फळी ढकलायचा आणि ती किंचाळत किनाऱ्याकडे यायची. तिचा आनंद पाहून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात तो म्हातारा दिसला. उलट्या नावेवर बसलेला, खांद्यावर लाल टॉवेल, नजर थेट ईराच्या दिशेने. पापणी हलत नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी छत्री उघडली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"अम्मा, नगरुंग (बाजूला व्हा)," तो म्हणाला.

मी ढिम्म. तो उजवीकडे वाकला, मीही उजवीकडे सरकले. मग तो ताडकन उठला, त्याने मला कोपराने बाजूला सारलं, टॉवेल डोक्यावर फिरवत कर्कश शिट्टी मारली. लाटांमधला एक पट्टा गुळगुळीत झाला होता आणि ईराची फळी त्यातून आत, समुद्राकडे ओढली जात होती. सेल्वमने मागे वळून सूर मारला. तो तिला घेऊन येईपर्यंत मी कुठल्या देवाचं नाव घेतलं, आठवत नाही.

ईरा खोकत बापाला बिलगली. सेल्वम धापा टाकत म्हणाला, "मैं बच्चे को देखता है. कडल को (समुद्राला) तात्ता (आजोबा) देखता है. टॉवेल ऊपर, तो सब बाहर. हमारा यही तरीका."

मी तात्तांपुढे हात जोडले. तमिळमध्ये माफी कशी मागतात, तेही मला येत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि हाताने पुन्हा तीच खूण केली: बाजूला. अजून दोन मुलं पाण्यातून बाहेर यायची होती.

इतकी वर्षं मी ज्याला सावधपणा म्हणत आले, त्याने आज माझंच लेकरू गेलं असतं. परतताना केळंबाक्कमच्या सिग्नलला ईराने विचारलं, "आई, तात्तांनी टॉवेल इतक्या उशिरा का वर केला?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती.

"त्यांना तू दिसत नव्हतीस," मी म्हणाले. "मध्ये मी उभी होते."