पहिल्या वर्गाची दोन तिकिटं

हिवाळ्यात शेजारच्या घरातून लाकडं जळल्याचा वास आला की न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हट गावातली ती दुपार आठवते. डॉक्टरांनी नवऱ्याची केमो थांबवली होती. घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, आणि तो गोधडी पांघरून लॅपटॉपवर युरोपातल्या रेल्वेची तिकिटं शोधत होता. "अगं, शनिवार-रविवारी ऑफिसवाले नसतात, म्हणून फर्स्ट क्लाससुद्धा स्वस्तात मिळतोय!" कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात उत्साह होता. पॅरिस ते झुरिक, सप्टेंबरअखेरचा शनिवार. प्रवासी किती, इथे मात्र त्यानं 'एक' टाकलं. "तू जाऊन ये," तो म्हणाला, "ही स्वस्तातली तिकिटं रद्द करता येत नाहीत." "म्हणूनच दोन काढ," मी म्हटलं. त्यानं एकाचे दोन केले. आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो; त्याच्या आधीच तो गेला. मी तरीही निघाले. गाडीत तिकीट तपासनिसानं माझ्या हातातली दोन तिकिटं पाहिली, शेजारची रिकामी खुर्ची पाहिली, आणि दोन्ही तिकिटांवर शिक्का मारून तो हलकेच पुढे गेला. युरोप कसा वाटला, असं अजूनही कुणी विचारतं. मला सांगता येत नाही. त्या प्रवासात मी खिडकीबाहेर पाहिलंच नव्हतं.