वाफेचा हुकूम

आमचं घर वर्षातून दोनदा डोक्यावर निघायचं. साखर कारखान्याचं गळीत, म्हणजे ऊस गाळायचा हंगाम, सुरू झालं की कामगार वस्तीत पत्र्याची एक खोली मिळायची, आणि गळीत बंद झालं की आठ दिवसांत ती खाली करावी लागायची. वडील सिझनल होते, गळितापुरते कामगार. उसाच्या मोळ्या गव्हाणीत टाकायच्या, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या साखळीवर, हे त्यांचं काम. उरलेले महिने ते घोडेगावच्या बाजारात दुसऱ्यांची गुरं हाकायचे आणि आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. त्या महिन्यांत भाकरी मोजून वाढली जायची, आणि आईच्या ताटात किती पडली हे कुणी बघायचं नाही, कारण ती बघू द्यायची नाही.

हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. दयेवर आमच्यातलं कुणी जगलं नाही. मी नगरला राहून बी.एस्सी. झालो. त्याआधी आमच्या घरातून मॅट्रिकलासुद्धा कुणी बसलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या गळितात त्याच कारखान्यात मला लॅबमध्ये घेतलं. दोन महिने मी रस तपासला. मग एक शिफ्ट केमिस्ट नोकरी सोडून गेला आणि चीफ केमिस्टनी सकाळची पाळी माझ्याकडे दिली. म्हणाले, "गळीत संपेपर्यंत बघतो. जमलं तर कायम करीन, नाहीतर परत लॅबमध्ये बाटल्या धुवायच्या."

हे चीफ केमिस्ट पुण्याकडचे, हुशार आणि कडक. त्यांनी मला समोर बसवून नेतृत्व शिकवलं. शब्द त्यांचाच. आमच्याकडे नेतृत्व म्हणजे जीपमधून उतरून भाषण ठोकणारे, त्यामुळे मला आधी कळेचना की साखर शिजवायला ते कशाला लागतं. त्यांचं म्हणणं असं, की हाताखालच्या माणसाबरोबर चहा प्यायचा नाही, हुकूम द्यायचा, त्याचं कारण सांगत बसायचं नाही. आणि कामावर मामा-काका बंद. ज्याला त्याला हुद्द्याने हाक मारायची.

माझ्या पाळीत जो पॅनमन होता त्याला मी लहानपणापासून मामा म्हणत होतो. वडिलांच्या बरोबरीचा माणूस, शाळेचं तोंड न पाहिलेला. पॅन म्हणजे दोन पुरुष उंचीची, बंद तोंडाची कढई. तिच्यात आटलेला रस वाफेवर शिजतो आणि साखरेचा दाणा धरतो. आत डोकावता येत नाही. मामा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, मग अंगठ्यावर चोळायचा आणि सांगायचा, अजून इतका वेळ. लॅबचा आकडा त्याच्यामागून यायचा, आणि बहुतेक वेळा तोच असायचा.

पाळी हातात आली त्या पहिल्याच सकाळी रसाच्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या आणि बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. मी जिना चढून पॅनपाशी गेलो आणि दहा माणसांसमोर म्हणालो, "पॅनमन, वाफ वाढवा. अर्ध्या तासात पॅन खाली झाला पाहिजे."

मामाने पट्टी पुसली. माझ्याकडे एकदा पाहिलं. "वाढवतो, साहेब."

त्याच्या तोंडून साहेब हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला तो आवडला. तिथेच मी फसलो.

त्याने वाफ वाढवली. मी सांगितली तेवढीच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. अर्ध्या तासाने पॅन खाली केला तर मोठ्या दाण्याबरोबर पिठासारखी बारीक भुकटी पडलेली. रस घाईने आटला की असंच होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. ती भुकटी साखर वेगळी करणाऱ्या चक्रांच्या जाळीत चिकटून बसली, चक्रं थांबली. सगळा माल पाणी घालून पुन्हा विरघळवावा लागला आणि दुपारपर्यंत गाळप अर्ध्यावर आलं.

चीफ केमिस्ट आले ते शिफ्टची वही घेऊनच. मला म्हणाले, लिहा, पॅनमनच्या निष्काळजीपणामुळे. असं लिहिलं की माणूस त्याच दिवशी घरी जायचा आणि सिझनल असेल तर पुढच्या गळिताला त्याला बोलावणं यायचं नाही. हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं, कारण मी त्याच वस्तीत वाढलो होतो.

मी लिहिलं, "वाफ वाढवण्याचा हुकूम माझा होता." खाली सही केली.

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे पान तुम्हाला महाग पडेल."

"खोटं लिहिलं असतं तर जास्त पडलं असतं," मी म्हणालो.

त्यांनी मला लगेच काढलं नाही, कारण दुसरा माणूस नव्हता. मात्र आणखी एक पॅन बिघडला की लॅब, असं बजावून गेले.

पाळी सुटताना मामा जिन्याशी उभा होता. त्याने विचारलं, माझं नाव का नाही घातलं? मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेवढंच केलंत. त्याने टॉवेलने हात पुसले. मग म्हणाला, "दाना बिघडतोय ते मला दिसत हुतं. म्या मुद्दाम गप बसलो. म्हटलं, साहेब झालाय ना, मग बगू दे साहेबाला."

मला दुःख वगैरे झालं नाही, राग आला. चारशे बैल उन्हात उभे होते आणि हा माणूस माझी परीक्षा घेत बसला होता. मी म्हणालो, "मी तुम्हाला पॅनमन म्हणालो ते चुकलं. पण पुन्हा असं गप्प बसलात, मामा, तर वहीत तुमचंच नाव घालीन. सख्खे मामा असतात तरी घातलं असतं."

तो हसला. "व्हय, आता कसा गव्हानीवाल्याचा पोरगा बोलला."

दुसऱ्या दिवशी मी पाळीतल्या सगळ्यांना एकत्र केलं आणि एकच गोष्ट सांगितली. माझा हुकूम चुकीचा वाटला तर आधी तोंडावर सांगायचं. त्यानंतरही मी ऐकलं नाही तर तो पाळायचा आणि चूक माझी. एकाने विचारलं, सांगितल्यावर साहेबाला राग आला तर? मी म्हटलं, येईल, पण तो चहाच्या सुट्टीपर्यंत टिकणार नाही. त्या सुट्टीत मी त्यांच्यात बसून चहा प्यालो, आणि रोज एक पॅन मामाच्या शेजारी उभं राहून अंगठ्यावर चोळून शिकलो. अंगठा भाजून कडक झाला. चीफ केमिस्टना कळलं तेव्हा ते म्हणाले, ही शिस्त नव्हे, ही चावडी आहे. मी म्हटलं, चावडी तर चावडी.

गळीत संपत आलं असताना पुन्हा तशीच सकाळ उगवली. टाक्या भरलेल्या, बाहेर गाड्या तुंबलेल्या. या वेळी चीफ केमिस्ट स्वतः वर आले आणि मला ओलांडून मामाला म्हणाले, वाफ वाढव.

मामाने हात व्हॉल्व्हवर ठेवला, पण फिरवला नाही. "न्हाई साहेब. दाना बिघडंल. अजून पाऊन तास लागतोय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पट्टी घेतली, थेंब दिव्यासमोर धरला, अंगठ्यावर चोळला. मामा बरोबर होता. आणि समजा मला काहीच कळलं नसतं, तरी त्या क्षणी मी त्याच्या बाजूला नसतो तर पुन्हा माझ्या पाळीत कुणी तोंड उघडलं नसतं.

"वाफ वाढणार नाही," मी म्हणालो. "या पाळीला जबाबदार मी आहे. तुम्हाला वाढवायचीच असेल तर वहीत हुकूम लिहून सही करा. मामा लगेच वाढवतील."

मी वही पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, खिशातलं पेनसुद्धा काढलं. मग काहीच न लिहिता वही रेलिंगवर ठेवली आणि काचेच्या पट्टीकडे बघत तिथेच उभे राहिले. पाऊण तासाने पॅन खाली झाला. दाणा एकसारखा होता. ते जिना उतरून गेले.

त्या गळितात माझ्या पाळीचा दुसरा पॅन बिघडला नाही, आणि माझ्या पाळीतला एकही माणूस घरी पाठवला गेला नाही. गळीत बंद व्हायच्या आठवड्यात मला शिफ्ट केमिस्ट म्हणून कायम केल्याची ऑर्डर मिळाली. तिच्यावर सही चीफ केमिस्टचीच होती.